सर्व्हरच्या हार्डवेअरचे इशारे आणि स्वयंचलित कारवाई कशी बसवावी: बडोद्यातील लहान कार्यालयांसाठी

मकरपुरा जीआयडीसीतील एखादा कारखाना असो, रावपुऱ्यातील लेखापालांचे कार्यालय असो किंवा दांडिया बाजारातील एखादी पतसंस्था असो, लहान आणि मध्यम संस्थांमधील सर्व्हरची व्यवस्था साधारण सारखीच आढळते. मागच्या बाजूची एक छोटी खोली, तिच्यात एक स्प्लिट एसी, एक यूपीएस आणि एक-दोन सर्व्हर. रात्री आणि रविवारी त्या खोलीच्या आसपास कोणीही नसते. पंखा मंदावला, डिस्क खराब होऊ लागली किंवा एक पॉवर सप्लाय बंद पडला, तर सर्व्हर त्याची नोंद स्वतःच करून ठेवतो. ती सोय त्यात उत्पादकानेच दिलेली असते. ती नोंद माणसापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मात्र कोणीतरी मुद्दाम बसवावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून गेलेले असते.

ज्यांच्याकडे अशा संस्थेच्या संगणकांची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये चोवीस तास पाळीवर माणसे असतात. आपल्याकडे ती नसल्यामुळे इशारा कोणाला, किती वेळात आणि कोणत्या मार्गाने मिळेल, याचा विचार आपल्याला अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

आधी कागदावर ठरवा

कोणताही स्क्रीन उघडण्यापूर्वी संभाव्य घटनांचा एक तक्ता करावा आणि प्रत्येक घटनेपुढे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: या घटनेनंतर चार तास कोणीच काही केले नाही, तर काय होईल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर घटनेची केवळ नोंद पुरते. उत्तर ‘धोका वाढेल, पण काम चालू राहील’ असे असेल तर इशारा हवा. ‘डेटा किंवा यंत्र कायमचे बिघडेल’ असे उत्तर आले, तरच स्वयंचलित कारवाईचा विचार करावा.

या कसोटीवर बहुतेक घटना दुसऱ्या गटात पडतात. दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला तरी सर्व्हर चालू राहतो. इशारा मिळाला की दुसऱ्या दिवशी तो बदलता येतो. रेडमधील (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातील) एक डिस्क गेली तर इशारा तातडीचा असावा, परंतु सर्व्हर आपोआप बंद करणे चुकीचे ठरेल, कारण राखीव डिस्क असेल तर रीबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा राखीव डिस्कवर पुन्हा उभारणे) लगेच सुरू झालेले असते आणि जुन्या डिस्कना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्यातच धोका असतो. कॅबिनेटचे झाकण उघडल्याची नोंद पुरते; खोलीत इतरांचाही वावर असेल तर मात्र तिचा इशारा करावा. स्वयंचलित कारवाईला माझ्या मते तीनच प्रसंग पात्र आहेत: खोलीतील उष्णता हाताबाहेर जाणे, यूपीएसची बॅटरी संपत येणे आणि ऑपरेटिंग सिस्टीम गोठणे. सर्व्हरमधील देखरेखीच्या नियंत्रकाच्या (त्याची ओळख पुढे येते) पडद्यावर प्रत्येक घटनेसमोर ‘रीबूट’ आणि ‘पॉवर ऑफ’ हे पर्याय दिलेले असतात. ते दिलेले आहेत म्हणून निवडू नयेत.

नियंत्रक जोडणे आणि सुरक्षित करणे

सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. डेलच्या सर्व्हरमध्ये तो आयड्रॅक या नावाने ओळखला जातो, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर आणि फुजित्सूमध्ये आयआरएमसी. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेपर्यंत हा नियंत्रक स्टँडबाय विजेवर जागा असतो, आणि म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली तरी तो इशारा पाठवू शकतो. त्याच्याशी बोलण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. आयपीएमआय हे मानक १९९८ मध्ये आले आणि त्याची २.० ही आवृत्ती २००४ ची आहे. रेडफिश हे डीएमटीएफ या संस्थेचे मानक २०१५ मध्ये आले आणि ते एचटीटीपीएसवर चालते. सर्व्हर नवा असेल तर रेडफिश वापरावे, जुना असेल तर आयपीएमआयला पर्याय नसतो.

नियंत्रकाला त्याचा स्वतंत्र नेटवर्क पोर्ट असेल तर तोच वापरावा आणि तो कार्यालयाच्या सर्वसाधारण नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, ठेवावा. घरून पाहता यावे म्हणून राउटरवर नियंत्रकाचा पोर्ट इंटरनेटला उघडा करणे अत्यंत घातक आहे. आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी उणीव आहे की वापरकर्त्याचे नाव माहीत असलेल्या कोणालाही, लॉगिन पूर्ण होण्यापूर्वीच, त्या पासवर्डचा हॅश (त्याचे सांकेतिक रूप) नियंत्रकाकडून मिळवता येतो आणि मग तो सवडीने फोडता येतो. हे फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीने पूर्णपणे सुधारत नाही. दुरून पाहायचे असेल तर आधी व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी) आणि मग नियंत्रक, हाच क्रम ठेवावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आयपीएमआयमध्ये पासवर्डची कमाल लांबी वीस अक्षरे आहे, ती पूर्ण वापरावी. सायफर झिरो हा आयपीएमआयचा पर्याय चालू असेल तर तो बंद करावा, कारण तो पासवर्ड न तपासताच आत येऊ देतो. केवळ रेडफिश किंवा वेब स्क्रीन वापरणार असाल तर लॅनवरील आयपीएमआय सरळ बंदच करावे.

घड्याळाकडे सहसा दुर्लक्ष होते. नियंत्रकाचे घड्याळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या घड्याळापेक्षा वेगळे असते आणि ते अनेकदा काही तास पुढे-मागे किंवा वेगळ्या टाइम झोनमध्ये असते. मग रात्रीच्या घटनेची नोंद दुपारची दिसते आणि वीज नेमकी केव्हा गेली होती याचा मेळ लागत नाही. नियंत्रकात एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय, चालू करावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवून ठेवणे आणि लॉग १८० दिवस जपणे अपेक्षित आहे, तेव्हा हे काम तसेही करावे लागतेच. नियंत्रकाच्या घटनानोंदीची जागा मर्यादित असते आणि काही सर्व्हरमध्ये ती भरली की नव्या नोंदी होतच नाहीत; म्हणून त्या नोंदी सिसलॉगने (नेटवर्कवरून नोंदी पाठवण्याच्या पद्धतीने) किंवा रोजच्या एका छोट्या स्क्रिप्टने दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवाव्यात.

नोंद वाचायला शिका

इशारे बसवण्यापूर्वी आधीच्या नोंदी एकदा शांतपणे वाचाव्यात. लिनक्सवर आयपीएमआयटूल या आज्ञेला ‘सेल ईलिस्ट’ (सेल म्हणजे नियंत्रकाची घटनानोंद) असे सांगितले की संपूर्ण यादी दिसते. समजा, तिच्यात अशा ओळी आहेत: रात्री २ वाजून १४ मिनिटांनी दुसरा पॉवर सप्लाय, ‘एसी लॉस्ट’, असर्टेड, त्याच मिनिटाला ‘रिडंडन्सी लॉस्ट’, २ वाजून ३१ मिनिटांनी ‘एसी लॉस्ट’, डीअसर्टेड, आणि लगेच ‘फुली रिडंडंट’. इथे एसी म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे, तर सप्लायला बाहेरून मिळणारी वीज. असर्टेड म्हणजे स्थिती सुरू झाली, डीअसर्टेड म्हणजे ती संपली; रिडंडन्सी म्हणजे एक सप्लाय गेला तरी दुसरा असण्याची सोय. पॉवर सप्लाय बिघडलेला नाही, कारण तसे असते तर ‘फेल्युअर डिटेक्टेड’ अशी ओळ दिसली असती. त्याला मिळणारी वीज सतरा मिनिटे नव्हती आणि पहिल्या सप्लायला ती मिळत होती. म्हणजे बहुधा पहिला सप्लाय यूपीएसवर आहे, दुसरा थेट भिंतीच्या सॉकेटवर आहे आणि त्या रात्री भागातील वीज गेली होती. चार ओळींवरून वायरिंग, वीजपुरवठा आणि यूपीएसची प्रकृती या तिन्हींची माहिती मिळते. ‘एसी लॉस्ट’ आणि ‘फेल्युअर डिटेक्टेड’ यांचे इशारे वेगवेगळ्या मजकुराने आणि वेगवेगळ्या माणसाला गेले पाहिजेत: पहिला इलेक्ट्रिशियनचा विषय आहे, दुसरा सर्व्हरच्या वॉरंटीचा.

तापमानाच्या मर्यादा

प्रत्येक सेन्सरला खालच्या आणि वरच्या अशा मर्यादा असतात आणि त्यांच्या साधारण सूचक, गंभीर व भरून न येणारी अशा पायऱ्या असतात. व्होल्टेज आणि प्रोसेसरच्या तापमानाच्या मर्यादा उत्पादकाने ठरवलेल्या असतात. त्यांना हात लावू नये. आपण ठरवायची मर्यादा मुख्यतः एकच, आणि ती म्हणजे सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचे, म्हणजे इनलेटचे तापमान. प्रोसेसरचे तापमान कामाच्या भाराप्रमाणे वर-खाली होत असते. खोलीचे खरे हाल इनलेट सांगतो.

अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरसाठी शिफारस केलेली पट्टी १८ ते २७ अंश सेल्सियस आहे आणि कार्यालयांत आढळणाऱ्या अनेक सर्व्हरच्या ए२ वर्गासाठी ३५ अंशांपर्यंत मुभा आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा एसी बंद पडलेली खोली बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. म्हणून इनलेट ३० अंशांवर गेला की साधा इशारा, ३५ वर तातडीचा इशारा आणि ४० वर व्यवस्थित शटडाउन, अशा तीन पायऱ्या मी सुचवतो. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या दरम्यान माणसाला उठून खोलीपर्यंत यायला वेळ मिळाला पाहिजे. तो किती मिळतो, हे एकदा मोजून पाहावे: सुटीच्या दिवशी स्वतः समोर उभे राहून एसी बंद करावा आणि दर पाच मिनिटांनी इनलेटचा आकडा लिहावा.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. यूपीएसवर सर्व्हर असतात, एसी नसतो. वीज गेली की सर्व्हर चालू राहतात, उष्णता निर्माण होत राहते आणि ती बाहेर काढणारे यंत्र मात्र थांबलेले असते. बॅटरी दोन तास पुरणारी असली तरी खोली अर्ध्या तासात तापू शकते, म्हणजे जादा बॅटरीचा उपयोगच होत नाही. शिवाय वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू होईल असे गृहीत धरू नये. ऑटो रीस्टार्टची सोय नसलेले एसी कोणी रिमोटने चालू करेपर्यंत बंदच राहतात. नवा एसी घेताना ही सोय आहे का ते विचारावे आणि घेतल्यावर ती चालू केली आहे का ते पाहावे.

शटडाउनची स्क्रिप्ट दर मिनिटाला इनलेट वाचत असेल, तर एका वाचनावर कधीही कारवाई करू नये; सलग पाच वाचने मर्यादेच्या वर असतील तरच करावी. वाचनच मिळाले नाही, किंवा शून्य अथवा अशक्य आकडा आला, तर शटडाउन न करता वेगळा इशारा पाठवावा. बिघडलेल्या सेन्सरमुळे निरोगी सर्व्हर बंद पडण्याची वेळ येऊ नये.

डिस्क, रेड आणि मेमरी

या घटना नियंत्रकाला नेहमीच दिसतात असे नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीममध्येही पहारा हवा. लिनक्सवर स्मार्टडी ही सेवा डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, तपासते. त्यातील ५ क्रमांकाची, म्हणजे बदललेल्या सेक्टरांची नोंद आणि १९७ क्रमांकाची, म्हणजे वाचता न आलेल्या प्रलंबित सेक्टरांची नोंद, या दोन वाढू लागल्या की डिस्क बदलण्याची तयारी करावी. आकडा लहान आहे म्हणून थांबू नये, तो वाढतो आहे का हे पाहावे. सॉफ्टवेअर रेडसाठी एमडीअॅडम या लिनक्सच्या साधनाचा मॉनिटर चालू ठेवावा, आणि हार्डवेअर रेड कार्ड असेल तर त्या कार्डाचे स्वतःचे देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवावे, कारण कार्डाच्या मागच्या डिस्क ऑपरेटिंग सिस्टीमला थेट दिसत नाहीत. रेड कार्डाची बॅटरी हाही इशाऱ्याचा विषय आहे: ती उतरली की अनेक कार्डे राइट-बॅक (आधी कार्डाच्या मेमरीत, मग डिस्कवर लिहिणे) सोडून राइट-थ्रू (प्रत्येक वेळी थेट डिस्कवर लिहिणे) पद्धतीवर येतात, लेखन मंदावते आणि ‘टॅली फार हळू चालते आहे’ अशी तक्रार येते, परंतु कोणाचेही लक्ष त्या बॅटरीकडे जात नाही.

ईसीसी मेमरीतील, म्हणजे लहान चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या मेमरीतील, दुरुस्त होणारी एखादी चूक स्वाभाविक मानावी. एकाच पट्टीवर त्या वारंवार येऊ लागल्या तर ती पट्टी बदलावी. लिनक्सवर रासडेमन ही मोजणी ठेवते. विंडोजवर व्हीया-लॉगर या स्रोताच्या हार्डवेअर चुकांच्या नोंदी, डिस्क स्रोताची ७ क्रमांकाची खराब ब्लॉकची नोंद आणि कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची, म्हणजे अचानक बंद पडल्याची नोंद, एवढ्यांवर टास्क शेड्युलरमधून काम जोडले तरी पुष्कळ साधते. टास्क शेड्युलरमधील मेल पाठवण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने वापरातून काढल्यात जमा आहे, म्हणून तिथे पॉवरशेलची स्क्रिप्ट लावावी.

इशारा पोचण्याचे मार्ग

मेल हा पहिला मार्ग असावा, पण एकमेव नसावा. नियंत्रकातून जीमेलने मेल पाठवायची झाल्यास खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून स्वतंत्र अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. जुन्या नियंत्रकांना टीएलएसची (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीची) आजची आवृत्ती येत नाही आणि त्यांची मेल मुकाट्याने नाकारली जाते. अशा वेळी कार्यालयातच पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरचा छोटा रिले (मधला टपालवाहक) उभारावा: नियंत्रक त्याला साध्या पद्धतीने मेल देतो आणि रिले ती पुढे सुरक्षितपणे पाठवतो.

एसएमएस हवा असेल तर लक्षात ठेवावे की भारतात व्यावसायिक गेटवेवरून एसएमएस पाठवण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी प्रणालीवर संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा या तिन्हींची नोंदणी करावी लागते. साच्यात बदलत्या जागा आधीच आखून घ्याव्या लागतात, त्यामुळे ‘सर्व्हरचे नाव, घटना, वेळ’ एवढाच आटोपशीर मजकूर मंजूर करून घ्यावा. ही खटपट नको असेल तर यूएसबीवर चालणारा जीएसएम मॉडेम आणि एक सिमकार्ड पुरते. त्याचा मोठा फायदा असा की ब्रॉडबँड बंद असतानाही तो संदेश पाठवतो. टेलिग्रामचा बॉट उभारायला सर्वांत सोपा आहे, परंतु त्याला इंटरनेट लागते.

एसएनएमपी (नेटवर्कवरील यंत्रांवर देखरेखीची पद्धत) यातील ट्रॅप, म्हणजे यंत्राने आपणहून पाठवलेला इशारा, वापरत असाल तर तो यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि पोचला की नाही याची पोच मिळत नाही. म्हणून केवळ ट्रॅपवर न विसंबता झॅबिक्स किंवा तत्सम देखरेख प्रणालीने ठरावीक वेळाने सेन्सर स्वतः विचारून घ्यावेत. कम्युनिटीचे नाव, म्हणजे एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द, ‘पब्लिक’ ठेवू नये. शक्य असेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी.

इशारा देणारी यंत्रणाच बंद पडली तर काय, याचीही सोय हवी. कार्यालयाबाहेरच्या एखाद्या यंत्राला आपल्या सर्व्हरने दर दहा मिनिटांनी हजेरी द्यावी आणि तीन हजेऱ्या चुकल्या की त्या बाहेरच्या यंत्राने आरडाओरडा करावा, अशी रचना करावी. शांतता म्हणजे सर्व ठीक आहे, हे मग खात्रीने म्हणता येते.

आणि इशारे कमी असावेत. दिवसाला वीस मेल येऊ लागल्या की एकविसावी कोणी वाचत नाही. एकाच घटनेची पुनरावृत्ती चार तासांत एकदाच व्हावी, आणि रात्री फोन वाजवणारे इशारे व सकाळी एकत्र येणारे इशारे यांचे मार्ग वेगळे असावेत. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर खिशातला फोन ऐकू येत नाही, म्हणून तातडीचा इशारा पंधरा मिनिटांत कोणी स्वीकारला नाही तर तो दुसऱ्या व्यक्तीकडे जावा. ती दुसरी व्यक्ती तांत्रिक नसली तरी चालेल. तिच्याकडे खोलीची किल्ली असली पाहिजे.

वीज जाणे आणि परत येणे

स्वयंचलित कारवाईचा सर्वांत नाजूक भाग हा आहे, म्हणून तो सावकाश पाहू. नियंत्रकाचा ‘पॉवर ऑफ’ म्हणजे वायर उपटल्यासारखेच असते. डेटाबेस अर्धवट लिहिलेला असताना ते घडले तर वाचवायला गेलेला डेटाच बिघडतो. म्हणून शटडाउन नेहमी ऑपरेटिंग सिस्टीममधून व्हावे: आधी डेटाबेस, मग आभासी यंत्रे (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेले संगणक), मग ती चालवणारा यजमान सर्व्हर. दुरून करायचे असेल तर आयपीएमआयटूलची ‘सॉफ्ट’ आज्ञा वापरावी. ती ऑपरेटिंग सिस्टीमला बंद होण्याची विनंती करते. नियंत्रकाची कठोर कारवाई केवळ त्यानंतरच्या, आणखी वरच्या मर्यादेसाठी राखून ठेवावी.

यूपीएसला यूएसबी किंवा नेटवर्कची जोडणी असेल तर यूपीएसवर लक्ष ठेवणारे नट किंवा एपीसीयूपीएसडी हे सॉफ्टवेअर बसवावे. यूपीएसला थेट जोडलेला सर्व्हर मुख्य असतो आणि इतर सर्व्हर नेटवर्कवरून त्याच्याकडून स्थिती घेतात; बॅटरी खालावली की इतर आधी बंद होतात आणि मुख्य शेवटी. यासाठी मधला नेटवर्क स्विचही त्याच यूपीएसवर असायला हवा, नाहीतर वीज जाताच निरोपाचा रस्ताच बंद होतो. यूपीएसशी संपर्क तुटला एवढ्यावरून शटडाउन करू नये, केवळ इशारा द्यावा. मात्र यूपीएस बॅटरीवर असतानाच संपर्क तुटला तर नट ती स्थिती गंभीर मानून शटडाउन करते, आणि ते योग्यच आहे.

आता परतीचा प्रवास. सर्व्हर बंद होण्याच्या प्रक्रियेत असतानाच वीज परत आली, तर काय होते? सर्व्हर बंद होतो, परंतु यूपीएसच्या आउटपुटची वीज कधीच गेलेली नसते, त्यामुळे ‘वीज आली की सुरू हो’ हा नियम लागूच होत नाही आणि सर्व्हर सोमवारी सकाळपर्यंत बंद राहतो. यावर उपाय असा की शटडाउनच्या शेवटच्या टप्प्यात मुख्य सर्व्हरने यूपीएसला ‘थोड्या वेळाने आउटपुट बंद कर, आणि बाहेरची वीज असेल तर पुन्हा चालू कर’ अशी आज्ञा द्यावी. नटमध्ये ही सोय आहे. तिच्या जोडीला बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावरचे धोरण ‘नेहमी चालू’ असे ठेवावे. अनेक जण ‘आधीची स्थिती’ हा पर्याय निवडतात. पण शटडाउननंतरची आधीची स्थिती ‘बंद’ हीच असते.

उलट बाजूनेही धोका आहे. उत्तरायणात पतंगाच्या मांज्यामुळे वाहिन्यांवर बिघाड होऊन वीज पुन्हा पुन्हा जाते-येते. पहिल्या फेरीत बॅटरी रिकामी झालेली असेल आणि वीज येताच सर्व्हर सुरू झाला, तर दुसऱ्या फेरीत नीट बंद होण्याइतकीही बॅटरी उरत नाही. म्हणून बॅटरी किमान अर्धी भरल्याशिवाय यूपीएसने आउटपुट चालू करू नये, अशी सेटिंग त्यात असेल तर ती लावावी. नसेल तर बायोसमध्ये सुरू होण्यास विलंब द्यावा. याच कारणाने ‘वीज गेली’ हा इशारा एक मिनिट थांबून पाठवावा, म्हणजे क्षणिक झटक्यांनी फोन वाजत राहणार नाही.

ज्या यूपीएसला संपर्काची सोयच नाही, अशा ठिकाणी दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरचा एक सप्लाय सर्ज प्रोटेक्टरमार्फत थेट भिंतीच्या सॉकेटवर ठेवावा. वर पाहिलेली ‘एसी लॉस्ट’ ही ओळ मग वीज गेल्याची खूण ठरते, आणि ती ठरावीक मिनिटे टिकली की शटडाउन सुरू करता येते. ती मिनिटे किती असावीत हे बॅटरीच्या खऱ्या चाचणीवरून ठरवावे, यूपीएसच्या खोक्यावरील आकड्यावरून नव्हे.

गोठलेल्या सिस्टीमसाठी वॉचडॉग

वॉचडॉग म्हणजे नियंत्रकातील उलटी मोजणी. ऑपरेटिंग सिस्टीम ती ठरावीक वेळाने पुन्हा सुरुवातीला आणते. सिस्टीम गोठली की मोजणी शून्यावर येते आणि नियंत्रक सर्व्हर रीसेट करतो. लिनक्समध्ये सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या घटकाच्या सेटिंगमधून तो चालू करता येतो. मुदत फार लहान ठेवू नये, कारण बॅकअपच्या वेळी सर्व्हर मंदावला म्हणजे गोठला असे नसते. मेमरीच सदोष असेल तर रीसेटचे चक्र सुरू होते, म्हणून सुरू होताना चालणारी एक छोटी सेवा लिहावी: ती मागील रीसेटचे कारण इशाऱ्यात पाठवेल आणि चोवीस तासांत तिसऱ्यांदा असे झाले तर डेटाबेस सुरूच करणार नाही. वॉचडॉग सिस्टीम जिवंत आहे एवढेच जाणतो. डेटाबेस उत्तर देतो का, हे वेगळे तपासावे लागते.

चाचणी

बसवलेली प्रत्येक गोष्ट खरोखर घडवून पाहावी. आयपीएमआयटूलला ‘इव्हेंट १’ असे सांगितले की तापमान गंभीर मर्यादेवर गेल्याची खोटी घटना नोंदली जाते आणि ‘इव्हेंट ३’ने मेमरीची, आयड्रॅकमध्ये चाचणी मेलची वेगळी आज्ञा आहे, एमडीअॅडम आणि स्मार्टडी या दोहोंतही चाचणी संदेशाचा पर्याय आहे. या खोट्या घटनांनी मार्ग तपासला जातो, कारवाई नाही. कारवाईसाठी एखाद्या शनिवारी दुपारी, पूर्ण बॅकअप घेऊन, यूपीएसची मुख्य वायर काढावी आणि सर्व सर्व्हर क्रमाने बंद होऊन वीज दिल्यावर क्रमाने सुरू होतात का, हे घड्याळ लावून पाहावे. नंतर एकेक पॉवर सप्लायची वायर काढून इशारा योग्य फोनवर येतो का ते पाहावे. बडोद्यात दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत बहुतेक कार्यालये बंद असतात, त्यामुळे वर्षातील मुख्य चाचणी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ठेवणे सोयीचे जाते.

पुराबाबत स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर जमिनीलगत पाणी ओळखणारा सेन्सर लावावा, पण त्यावर कारवाई सोपवून निश्चिंत होऊ नये. सर्व्हर शटडाउन झाला तरी नियंत्रक स्टँडबाय विजेवर जागाच असतो आणि यूपीएस आपल्या बॅटरीवर वीज देतच राहतो. पाणी येण्याची शक्यता दिसताच दुरून व्यवस्थित शटडाउन करावे, यूपीएसचे आउटपुटही बंद करावे, आणि ज्या माणसाकडे किल्ली आहे त्याने पाणी येण्यापूर्वीच वायर काढून ठेवावी. पाणी आत आल्यावर त्या खोलीत कोणालाही पाठवू नये.

दुरुस्तीनंतरची कामे लहान असली तरी ती टाळू नयेत. बदललेल्या भागाचा अनुक्रमांक आणि तारीख तक्त्यात लिहावी, घटनानोंद उतरवून घेऊन मगच पुसावी, चाचणीसाठी बदललेल्या मर्यादा पूर्ववत कराव्यात, आणि डिस्क बदलली असेल तर रीबिल्ड पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत व राखीव डिस्क पुन्हा नेमली जाईपर्यंत ते काम तक्त्यात उघडेच ठेवावे.